ओनेझिमची बंद वळचण

आमच्या शेजारचा ओनेझिम थेरियो स्वतःला कंजूष म्हणवत नाही, ‘व्यवस्थित’ म्हणवतो. आमच्या उत्तरेकडच्या मादावास्का गावात हिवाळा सहा महिने मुक्कामाला असतो, पण ओनेझिमच्या मते तो येतो केवळ त्याच्या घरातली ऊब चोरायला. म्हणून यंदा नाताळाआधीच त्याने माळ्यावर जाऊन वळचणीचे सगळे झरोके आतून बुजवून टाकले.

“अहो, माळ्याला वारा लागतो,” त्याची बायको आल्बर्टीन म्हणाली. “घरातली वाफ जाणार कुठे?”

“सरपण मी फोडतो. आभाळाला शेक द्यायचा मक्ता घेतलाय का मी?”

चुलीवर किटली, खोलीत दोरीवर ओले कपडे. सगळी वाफ वर जायची आणि छपराच्या फळ्यांना आतून बर्फ होऊन चिकटायची. ओनेझिमला मात्र दिसत होती ती चर्चच्या विश्वस्ताची खुर्ची. ईस्टरनंतर निवडणूक होती, आणि चर्चचं छप्पर आपल्याइतकं कुणाला कळत नाही, हे तो दारोदार सांगत फिरे.

मार्चमधल्या एका रविवारी त्याने फादरना जेवायला बोलावले. मी आणि माझे यजमानही होतो. नेमके त्याच दिवशी कडक ऊन पडले. फादर प्रार्थना म्हणत होते आणि एक थेंब त्यांच्या टकलावर पडला, दुसरा मटाराच्या सूपमध्ये. प्रार्थनेत मी डोळे उघडत नाही. त्या दिवशी एक उघडला, देव क्षमा करो.

“छप्पर गळतंय,” ओनेझिम म्हणाला. “कारागीरच लबाड होता.”

“पाऊस कुठे झालाय?” फादर म्हणाले. त्यांचे वडील छपरे घालायचे. ते शिडीने माळ्यावर चढले आणि झरोक्यांतून एकेक भिजका बोळा उपसून खाली टाकू लागले. स्वेटर, कोट, मग माझ्या सासूबाईंची निळी शाल. ती मी गरिबांसाठी दिली होती. गरिबांचे कपडे गोळा करण्याचे पुण्यकर्म यंदा ओनेझिमकडे होते.

“उरलेले होते,” तो म्हणाला.

“असतील. यंदा गरीब कमी पडले असतील,” फादर वरून म्हणाले.

सोमवारी आल्बर्टीनने ते सगळे कपडे धुतले आणि रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घातले. मंगळवारपर्यंत गावाने आपापले ओळखले. बुधवारी इस्त्री करून ती स्वतः गरिबांच्या घरी देऊन आली.

निवडणुकीत ओनेझिमच्या नावावर एकच हात वर झाला, त्याचा स्वतःचा. त्याने वळून आल्बर्टीनकडे पाहिले. तिच्या दोन्ही हातांत जपमाळ होती.