गोलामागचा गवाह

चेंडू आत होता. उजव्या खांबापासून साधारण एक वीत आतून तो गेला आणि मागच्या कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीवर आदळला. मी तेव्हा गोलाच्या मागे, त्या भिंतीच्या सावलीत उभा होतो. माझ्यापासून चार पावलांवर आमच्या क्लबचे टेलरचाचा उभे होते. आमच्या दोघांच्या आणि खांबाच्या मध्ये काहीही नव्हतं. हे आधी नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात एवढी एकच गोष्ट कुणी बोललं नाही.

जालन्यात कुंडलिकेच्या दोन्ही बाजूंना एकेक फुटबॉल क्लब आहे. आमचा नदीच्या या बाजूचा. दोन्हींतली खुन्नस आमच्या वडिलांच्या काळापासूनची, आणि मैदान मात्र दोघांना मिळून एकच. तिथल्या गोलांना तेव्हा जाळी नव्हती. खांब सळईच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या एका जुन्या खेळाडूने पाइप जोडून बनवलेत. जाळी दोनदा बांधली, दोन्ही वेळा आठवड्याभरात कुणीतरी सोडून नेली. त्यामुळे चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर पूर्वी हाणामाऱ्या व्हायच्या. त्यावर मोठ्यांनी एक तोडगा काढला आणि तो वर्षानुवर्षं चालला. प्रत्येक क्लबने आपल्याच गोलामागे आपलाच एक वडीलधारा माणूस उभा करायचा. चेंडू आत गेला तर त्याने हात वर करायचा. आपल्यावर झालेला गोल आपल्याच माणसाने कबूल करायचा, असा त्याचा अर्थ. त्याला गवाह म्हणायचे. पंच गवाहाकडे बघायचा, एकदा विचारायचा आणि गवाह सांगेल तोच निर्णय द्यायचा. गवाहाला डावलायचा अधिकार पंचाला नव्हता.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. पण पोटच्या पोराने सोडलेला गोल बापाने हात वर करून दिलेला मी पाहिला आहे. पोरगा महिनाभर बापाशी बोलला नाही, आणि मोहल्ल्यात त्या बापाची इज्जत दुप्पट झाली.

सुरुवातीला सांगितलेला चेंडू या दोन क्लबांमधल्या उपांत्य सामन्यातला. आमचे गवाह टेलरचाचा, आणि पंच कुंभार पिंपळगावच्या शाळेतले क्रीडाशिक्षक होते. दर रविवारी मोटरसायकलवर यायचे, स्वतःची शिट्टी काळ्या दोरीत घालून आणायचे. राज्याच्या पंच परीक्षेला बसायचं होतं त्यांना. त्यासाठी स्पर्धा समितीचं शिफारसपत्र लागत होतं, आणि ज्याच्याविरुद्ध लेखी तक्रार आहे अशा पंचाला समिती पत्र देत नसे. सामन्याआधी बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी मला सांगितलं, "हे शेवटचं वर्ष हाये. पुढच्या वर्षी वयात बसत न्हाई मी."

गोल नव्हता दोन्हीकडून. शेवटची पाच-सहा मिनिटं राहिली असतील. नदीपलीकडच्या डाव्या बाजूच्या खेळाडूने दोघांना चकवून जमिनीलगत फटका मारला. आमचा गोलकीपर उशिरा पडला. पलीकडचे नाचायला लागले होते. सरांनी शिट्टी तोंडात धरून टेलरचाचांकडे पाहिलं. चाचांचे हात पाठीमागे बांधलेले होते, ते तसेच राहिले.

"चाचा?" सरांनी विचारलं.

"बाहर से गया."

सर दोन पावलं पुढे आले. पद्धत एकदाच विचारायची होती, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. "बराबर बघितलं ना?"

चाचांनी मान हलवली. सरांनी गोल किक दिली. टायब्रेकरमध्ये आम्ही जिंकलो.

मी तेव्हा एका दैनिकात क्रीडा बातम्यांचं काम पाहत होतो. संध्याकाळी सात ओळींची बातमी दिली. तिच्यातलं चौथं वाक्य असं होतं: 'पंचांच्या वादग्रस्त निर्णयामुळे सामन्याला वेगळे वळण लागले.' डेस्कवर अशी वाक्यं तयार असतात. निर्णय कुणाचा होता, हे त्यात येत नाही. मला ते माहीत होतं. मी ते लिहिलं नाही, कारण चाचा आमच्या गल्लीतले, माझ्या वालिदांचे दोस्त, माझ्या लग्नाची शेरवानी त्यांच्या हातची.

दुसऱ्या दिवसापासून मैदानासमोरच्या हॉटेलात सुरू झालं. तिथे दोन्ही काठांची पोरं बसतात. निम्म्यांच्या अंगावर इंग्लंडातल्या लाल क्लबची जर्सी, निम्म्यांच्या आसमानी क्लबची. तिकडच्या पंचांना शिव्या देऊन झाल्या की इकडच्यांना.

"इंग्लंडात व्हीएआर हाये, व्हिडिओ बघून निर्णय देतेत, म्हणून वाचतेत लोकं. आपल्याकडं काय हाये?"

"आपल्याकडं टेलरचाचा हायेत ना."

"चाचाला कायला बोलू राह्यला? बुजुर्ग माणूस हाये. शिट्टी कोणाच्या हातात व्हती?"

"ते बी खरं हाये. सरनं खाल्ला गोल."

"खाल्ला नुसता न्हाई, वरून पाणी बी पिला."

"अबे, पिंपळगावहून येते ना, चष्मा घरीच विसरून आल्ता."

"येऊ दे पुढच्या रविवारी. इधरवाले हार घालतेल, उधरवाले चप्पल."

हसणं दोन्हीकडून होतं. चाळीस वर्षं एकमेकांचं पाणी न पिणारे दोन मोहल्ले त्या हॉटेलात एका बाबतीत एक झाले होते, आणि ती बाब म्हणजे तिसऱ्या गावाहून आलेला माणूस. पलीकडचे म्हणत तो विकला गेला. आमचे म्हणत बरं झालं गेला. पद्धत त्या टेबलावरच्या प्रत्येकाला पाठ होती. गोल पंचाने नाकारला नाही, त्याला नाकारता येतच नाही, हे प्रत्येकाला माहीत होतं. पण चाचांना खोटं म्हणायचं तर उद्या कुणाच्याच गवाहावर कुणी विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा सर सोयीचे होते.

बाजूने घेतलेला एक व्हिडिओ फिरला. त्यात चेंडू कुठून गेला हे कळत नाही. सरांचा चेहरा मात्र थांबवून त्याभोवती लाल गोल काढला होता. दुसऱ्या आठवड्यात टोमणे त्यांच्या शाळेवर आले. चौथ्या आठवड्यात कुणीतरी ते कोणत्या वस्तीतले आहेत ते काढलं. कुणी काढलं हे मला माहीत आहे. सगळे हसले नाहीत. थांबवलं मात्र कुणीच नाही, आणि मीही तिथेच बसलो होतो.

त्याच आठवड्यात कळलं की नदीपलीकडच्या क्लबने समितीकडे लेखी तक्रार केली आहे. पुरावा म्हणून माझी सात ओळींची बातमी जोडली होती, चौथ्या वाक्याखाली निळ्या शाईने रेघ मारून.

मी चाचांकडे गेलो. दुकानाच्या पायरीवर उन्हाकडे तोंड करून ते सुईत दोरा ओवत होते. चष्मा नव्हता. गेल्या वर्षीच डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. दोरा पहिल्याच प्रयत्नात गेला. एवढं पाहिल्यावर नजर चुकली असेल ही शक्यता मी मनातून काढून टाकली.

"चाचा, वो बॉल अंदर था."

"था."

मला वाटलं होतं ते नाकारतील. मी म्हणालो, "फिर हाथ क्यूं नहीं उठाया?"

"बीस साल से फायनल में नहीं गए थे अपन. बच्चों के मुंह देखे मैं ने." त्यांनी सुई कापडात टोचली. "हाथ उठता ही नहीं था."

"सरांची परीक्षा जाऊ राह्यली त्याच्यामुळं. शेवटचं वर्ष हाये त्यांचं."

आमच्या घरात उर्दू चालते, पण राग आला की मी मराठीवर येतो. चाचांना ते माहीत आहे. त्यांनीही मराठीतच उत्तर दिलं.

"तू बी तिथंच व्हता ना? चार पावलांवर. मी हात न्हाई उचलला, बरं. तू काय लिहिलं?"

मला इतका राग आला की मी सलाम न करता निघालो. अर्ध्या गल्लीत लक्षात आलं की चाचांनी एकही शब्द चुकीचा बोललेला नाही.

ऑफिसात मी खुलासा लिहिला. पंचांनी निर्णय प्रचलित पद्धतीनुसार गवाहाच्या म्हणण्यावरून दिला, आणि चेंडू आत गेल्याचं वार्ताहराने स्वतः पाहिलं होतं, असा. वरिष्ठांनी तो वाचला. "मोहल्ल्याच्या मॅचचा खुलासा? आणि वार्ताहराने पाहिलं होतं तर तेव्हा का नाही दिलं, असं उद्या कुणी विचारलं तर?" हा प्रश्न रास्त होता आणि त्याच कारणासाठी खुलासा छापायला हवा होता. वाद घालण्यात नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी आतल्या पानावर, शोकसंदेशांच्या खाली, तीन ओळी आल्या. चेंडू आत गेल्याचं मी पाहिलं, हा भाग मजकुरातून कापलेला होता.

ते कात्रण आणि सही केलेलं माझं पूर्ण निवेदन घेऊन मी समितीच्या सचिवांकडे गेलो. त्यांनी दोन्ही वाचलं. "तुम्ही लिहिलं ते बरोबर आहे. पण नावं पाठवायची तारीख शुक्रवारी संपली," ते म्हणाले. मग समजुतीच्या सुरात, "सर चांगले आहेत हो. पण वाद नको ना."

त्या रविवारी मी कुंभार पिंपळगावला गेलो. सर शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेघा मारत होते. कात्रण आणि माझ्या निवेदनाची प्रत मी पुढे केली, त्यांचे हात पांढरे होते म्हणून मीच धरून ठेवली. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "किती आत व्हता?"

"एक वीत."

"मला बी तेवढाच वाटला."

"तुम्हाला दिसला होता?"

"म्हणून तर दुसऱ्यांदा विचारलं."

"मग दिला का नाही?"

त्यांनी फक्कीचा डबा खाली ठेवला. "पद्धत तुमची. तुमच्या बापजाद्यांनी केलेली. मी पाहुणा माणूस, पाहुण्यानं मोडायची का?" आवाज चढला नव्हता. "तुमच्याकडं दोन माणसं व्हती गोलामागं. एकाचा हात बांधलेला, दुसऱ्याच्या हातात पेन. मी तिसरा, अन् शिव्या मला."

त्यांनी डबा उचलला आणि राहिलेली रेघ पूर्ण केली. त्यानंतर ते जालन्याच्या मैदानावर आले नाहीत.

या वर्षी आमच्या क्लबने गोलांना नायलॉनची जाळी लावली. आता गवाह लागत नाही. पहिल्या सामन्याआधी टेलरचाचांना शाल घालून त्यांच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल सत्कार झाला. बातमीसाठी मला निरोप होता. मी गेलो नाही आणि बातमीही दिली नाही.

हॉटेलात मात्र मी जातो. आठवड्यातून एकदा तरी तो सामना निघतो. कुणीतरी म्हणतं, सरनं गोल खाल्ला. मी दर वेळी एकच सांगतो: चेंडू आत होता, चाचांनी हात वर केला नाही, मी पाहिलं आणि लिहिलं नाही. कुणी कपातल्या चहाकडे बघतं, कुणी मोबाइल काढतं. मग एखादा लाल जर्सीवाला घसा खाकरतो आणि म्हणतो, "ते जाऊ दे. काल इंग्लंडात त्या रेफरीनं काय पेनल्टी दिली, पाहिलं का?" आणि सगळे एकदम बोलायला लागतात.