दिवस बुडायच्या आत

आष्टीच्या शाळेत मी मास्तर म्हणून हजर झालो, त्या पहिल्याच संध्याकाळी गावाच्या उत्तरेकडून मोठा धडधडाट सुरू झाला. मी दचकून ओट्यावर आलो, तर गावात दुसरं कुणीच दचकलेलं नव्हतं. समोरच्या घरातली बाई शांतपणे उठली, कंदिलाची काच पुसली आणि वात लावली. तिच्या शेजारणीनं गाय आत बांधली. धडधडाट ओढा ओलांडून वेशीत शिरला आणि माझ्यासमोरच थांबला. एका जाडजूड खाकी मोटारसायकलवरून पांढरं धोतर, काळा कोट आणि केशरी पगडी घातलेला एक किरकोळ देहाचा माणूस उतरला. उतरल्याबरोबर त्यानं आधी पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य अजून बाभळींच्या वर होता. "बराबर," एवढंच म्हणून तो जेवायला आत गेला.

हे माझे घरमालक हुकमीचंद सेठ. गाव त्यांना फटफटी सेठ म्हणायचं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. सेठांचा सरकीचा व्यापार परतूरला होता. रोज सकाळी ते तिकडे जात आणि संध्याकाळी परतत. जैन माणूस, चौविहार कडक. दिवस बुडाला की अन्न नाही, पाणी नाही आणि घरात चूलही नाही. हे सगळं सरळ होतं, पण सेठांना एक खोड होती. फुलका तव्यावरून थेट ताटात पडला पाहिजे. गार पोळी पाहिली की त्यांचा चेहराच उतरायचा.

यावर त्यांच्या घरानं आपली एक रीत बसवली होती. केसरभाभी कणीक मळून चुलीपाशी बसून राहत. फटफटी ओढ्यापाशी आली की तिचा आवाज ऐकून तवा चढवत. सेठ गाडी लावून, हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिला फुलका टम्म फुगलेला असे. आणि सेठ सूर्याआधीच पोचणार हे ठाऊक असल्यामुळे सारं गाव त्याच आवाजावर दिवे लावी. "जल्दी करायची न्हाई मास्तर, पर येळ बिलकुल चुकवायची न्हाई," असं ते मला नेहमी सांगत. हे सांगणारा माणूस ओढ्याच्या उतारावर कोंबड्यांना पंख फुटतील अशा वेगानं यायचा, तो भाग वेगळा.

फटफटी त्यांच्याकडे आली त्याची कथा गावात अजून सांगतात. पोलीस अ‍ॅक्शननंतर जालन्यात लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. सेठ ताडपत्र्या घ्यायला गेले आणि फटफटी घेऊन निघाले. "चालवायला शिकवलं कुणी?" मी एकदा विचारलं. "शिकवतं कोण? बसलो, ती चालून राह्यली. अंबडला वळायचं होतं, पर थांबता कुठं येत व्हतं? वडीगोद्रीपर्यंत गेल्तो!" तिथून कसेबसे ते आष्टीला आले, तर तो खाकी रंग पाहून आणि आवाज ऐकून निम्म्या गावानं फौज आली म्हणून दारं लावून घेतली. सेठांच्या स्वतःच्या घराचंही दार बंद. बाहेर आपण आहोत हे बायकोला पटवून देईपर्यंत दिवस बुडाला. नवी गाडी आणली त्या दिवशी सेठ उपाशी झोपले.

केसरभाभींचं त्या गाडीशी कधीच जमलं नाही. फटफटीच्या मागे बसायला जागा म्हणजे लष्करानं सामान बांधण्यासाठी केलेला लोखंडी कठडा. सेठांनी एकदा मोठ्या हौसेनं त्यांना त्यावर बसवलं. विहिरीपाशी, साऱ्या गावच्या बाया पाणी भरत असताना, त्यांचा घेरदार घागरा मागच्या चाकात गेला. नशिबानं पाय वाचला. फाटका घागरा एका हातानं आणि घुंघट दुसऱ्या हातानं धरून भाभी घरी चालत आल्या, त्या पुन्हा म्हणून गाडीवर बसल्या नाहीत. "मास्तरजी," त्या दाराआडून मला सांगायच्या, "तुमच्या सेठांनी दारात सवत आणून ठेवली. तिला रोज पुसून राह्यले, मला कधी इचारत न्हाईत."

दाराआडून, कारण त्या घरची चाल तशी होती. परक्या माणसासमोर नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. मी तर ओट्यावर कायमचाच. त्यामुळे दोन हातांवर बसलेल्या सेठांना जे सांगायचं ते भाभी मला सांगत आणि सेठही उत्तर मलाच देत. माझ्यासारख्या अंतरवाली सराटीच्या शेतकऱ्याच्या पोराला दुसऱ्याच्या संसारात इतकं महत्त्व मिळेल असं वाटलं नव्हतं. मला त्याची फार मजा वाटायची.

मी आल्यावर काही वर्षांनी, एका चातुर्मासात, भाभींची धाकटी बहीण परतूरला आली. तिनं लहान वयातच दीक्षा घेतली होती. जैन साध्वी जन्मभर पायी फिरतात, फक्त पावसाळ्याचे चार महिने एका गावी थांबतात. मग पाय नेतील तिकडे. पुन्हा भेट होईल याचा भरवसा नाही. भाभी एकदा छकड्यातून जाऊन तिला पाहून आल्या. त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळाच होता. "जिच्या वेण्या घातल्या मी, तिच्या पाया पडून आले मास्तरजी. आता महासतीजी म्हणायचं तिला. तिनं इचारलं, येत जाशील ना? मी हो म्हणून आल्ये."

हो म्हणून आल्या खऱ्या, पण जायचं कशानं? प्रवचन सकाळी. सर्व्हिस मोटार एकच, ती दुपारी निघे आणि अंधार पडल्यावर परते. छकड्याला जायलाच अर्धा दिवस लागे. आणि त्यांचा नवरा तर रोज सकाळी त्याच गावाला जात होता. सेठच एकदा फटफटी पुसता पुसता म्हणाले, "मला कळत न्हाई का मास्तर? रोज जाऊन राह्यलो, रोज मागचा कठडा रिकामा दिसून राह्यला."

तेव्हाच परतूरला रस्त्याच्या कामावर एक ठेकेदार आला. त्याच्याकडे नवी स्कूटर होती. तिची बारकी चाकं खडीत रुतायची, म्हणून त्याचा डोळा सेठांच्या फटफटीवर. अदलाबदल करू म्हणाला. आठ दिवस एकमेकांच्या गाड्या वापरून बघू, पटलं तर ठेवू. सेठांनी स्कूटर सगळ्या बाजूंनी पाहिली. मागे मऊ बैठक, पाय ठेवायला फळी आणि चाकं पत्र्यानं झाकलेली. घागरा अडकायला जागाच नव्हती. त्यांनी होकार दिला आणि ते फटफटीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

आष्टीत स्कूटर आली तेव्हा चावडीवर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. "सेठ, हत्ती देऊन शेळी घेऊन राह्यले की!" दत्तू पाटील ओरडले. सेठांची पगडी जरा खाली झाली.

खरी पंचाईत संध्याकाळी झाली. मी ओट्यावर वह्या तपासत होतो. ओढ्याकडून काहीच ऐकू आलं नाही आणि वर पाहतो तो सेठ समोर उभे. "मास्तर, आत सांगा, आलो म्हणून." आत केसरभाभी कणीक मळून, कान देऊन बसलेल्या, तवा खाली आणि चूल गार. धावपळ करून फुंकर घातली, तवा तापला, पहिला फुलका हातात घेतला, तेवढ्यात सूर्य बाभळींच्या खाली गेला. सेठांनी ताटाला हात जोडले. "गेला," म्हणाले. नवी गाडी आली की सेठ उपाशी, हा नियमच झाला म्हणायचा. त्यांच्यामागून जेवणाऱ्या भाभीही तशाच राहिल्या. "सवत व्हती," त्या दाराआडून म्हणाल्या, "पर बिचारी सांगून यायची." त्या संध्याकाळी आष्टीत दिवेही उशिरा लागले.

दुसऱ्या दिवशी सेठ ओढ्यापासून भोंगा वाजवत आले. भोंगा इतका किरटा की कुणाचं तरी करडू चुकलं असेल म्हणून गावानं लक्षच दिलं नाही. मग भाभी अंदाजानं तवा चढवू लागल्या. फुलके आधी होऊन गार पडायचे. सेठ ते काढा घ्यावा तसे, डोळे मिटून गिळायचे. इतकं सोसून ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या भाभी स्कूटरजवळ फिरकायलाही तयार नव्हत्या. आठवडा संपताना सेठांनी हात टेकले. "मास्तर, परत देऊन टाकतो. आपली फटफटी बराबर व्हती."

निघायच्या सकाळी ते स्कूटरला किक मारणार, तोच दाराआड बांगड्या वाजल्या.

"मास्तरजी, सांगा त्यांना. परत द्यायलाच चालले तर जाताना मला न्या. येताना मी छकड्यानं येईन."

सेठ दोन हातांवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, इचारा, भेव न्हाई वाटत का?"

"सांगा, वाटतं. लई वाटतं. पर मी तिला हो म्हणून आल्ये."

मी दोघांचंही सांगितलं नाही. गरज नव्हती. भाभी मांडीवर जेवणाचा डबा घेऊन, घागरा आवळून मागे बसल्या. विहिरीपाशी बायांनी घागऱ्याकडे डोळे लावले होते. घागरा जिथल्या तिथे राहिला. स्कूटर गेली आणि बाया चक्क निराश होऊन पाणी भरू लागल्या.

संध्याकाळी सगळं गाव जुन्या धडधडाटाची वाट पाहत होतं. दत्तू पाटील तर ओट्यावर येऊन बसले. सूर्य बाभळींना टेकला तरी आवाज नाही. मग तो बुडाला. बाया काडेपेट्या हातात घेऊन दारात उभ्या होत्या; त्यांनी आपापसांत विचारून दिवे लावले. माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. इतक्या वर्षांत सेठांची वेळ चुकलेली मी पाहिली नव्हती. मी ओढ्यापर्यंत चालत गेलो.

संधिप्रकाशात एक लहानसा दिवा हेलकावे खात आला. स्कूटरच होती. सेठांची पगडी कलली होती आणि मागे केसरभाभी होत्या. वाऱ्यानं घुंघट पार मागे गेलेला, एक हात सेठांच्या खांद्यावर. इतकी वर्षं ज्यांच्या घरात राहिलो त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तो चेहरा हसत होता. मला पाहून त्यांनी घुंघट ओढला. खांद्यावरचा हात मात्र काढला नाही.

"सेठजी, दिवस बुडाला!" मी म्हणालो.

"बुडाला ना."

"मग जेवण?"

"झालं की. कपाशीच्या बांधावर बसून जेवलो, दोघं."

"गार पोळ्या?"

सेठांनी खरंच आठवून पाहिलं. "गार व्हत्या का गरम, ध्यानातच आलं न्हाई मास्तर."

"आणि फटफटी?"

"देऊन टाकली."

"अहो, पण तिच्या आवाजावर सगळं..."

"मास्तर," सेठ म्हणाले, "तवा ठेवणारीच मागं बसून राह्यली, मंग आवाज ऐकवायचा कुणाला?"

त्यानंतर चातुर्मास संपेपर्यंत दोघं रोज गेले. सकाळी प्रवचन, दुपारी बहिणीपाशी बसणं आणि परतताना कुठल्या तरी बांधावर जेवण. घरातलं माझं महत्त्व मात्र संपलं. वाऱ्यात मोठ्यानं बोलायची सवय लागल्यामुळे ती दोघं आता माझ्यासमोरही सरळ एकमेकांशी बोलू लागली. फटफटीची आठवण सेठांना येत नव्हती असं नाही. लांब कुठे ठेकेदाराची स्वारी धडधडत गेली की ते बोलता बोलता थांबायचे, मान तिरकी करून ऐकायचे. "नीट ठेवून न्हाई राह्यला तिला," म्हणायचे आणि पुढचं बोलायला लागायचे.

सेठ जाऊन आता बरीच वर्षं झाली. भाभीही गेल्या. मला ती दोघं आठवतात ती त्या कार्तिकातली. चातुर्मास संपला आणि महासतीजी परतूरहून निघाल्या. पोचवायला पुष्कळ मंडळी बरोबर चालत होती. सुट्टी होती म्हणून मीही गेलो. भाभी बहिणीच्या मागे, आणि सगळ्यांच्या मागे सेठ, बंद स्कूटर हातानं ढकलत, घामाघूम. परतताना भाभींना नेण्यासाठी ती हवी होती. पण साध्वी पायी चालत असताना गाडीवर बसणं त्यांना बराबर वाटत नव्हतं. एका चढावर महासतीजींनी मागे वळून पाहिलं. "गाडी अच्छी ली सेठजी," त्या म्हणाल्या, "बिलकुल आवाज नहीं करती." तोंडावरच्या पांढऱ्या पट्टीमुळे हसू दिसत नव्हतं, पण डोळ्यांत ते मावत नव्हतं. सगळी मंडळी खो खो हसली. सेठ सर्वांत जास्त.

पुढच्या वस्तीची झाडं दिसू लागली तिथे निरोप झाला. महासतीजींनाही दिवस बुडायच्या आत पोचायचं होतं. त्यांनी निरोपाचं मंगलस्तोत्र, मांगलिक, म्हटलं आणि त्या वळल्या, त्या परत वळून न पाहता गेल्या. मंडळी पांगली. केसरभाभी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. पांढरं वस्त्र लहान लहान होत चाललं होतं.

स्कूटरच्या मुठीला डबा लटकत होता. सूर्य खाली आला होता. इतक्या वर्षांची सवय, मीच हळूच म्हणालो, "सेठजी, दिवस बुडत आलाय. दोन घास खाऊन घेता?"

त्यांनी मला हातानं गप्प केलं. "राहू द्या मास्तर. तिचं बघणं व्हऊ द्या."

मग मी पाहिलं. सूर्य शेतांच्या कडेला टेकला, लाल झाला, बुडाला. हुकमीचंद सेठ पश्चिमेकडे पाठ करून, भाभींकडे तोंड करून उभे होते.