भुवयांवरचं पीठ

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, माझ्यासोबत एका घरात राहणाऱ्या सायलीला नाही, एमिलीलाही नाही. घरी वडिलांना, अण्णांना, तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. पण सुरुवात त्या मालिकेपासून करू द्या. ती मला मनापासून आवडते — एवढं तरी खरं आहे.

ऐंशीच्या दशकातली, भुताखेतांची मालिका. पुठ्ठ्याची थडगी वाऱ्यानं हलतात. धूर इतका सोडलेला असतो की नटांनाच ठसका लागतो. तिचा हॅलोवीनचा भाग एमिली दर वर्षी त्याच दिवशी लावते, तोही सकाळी, कॉर्नफ्लेक्स खात. लहानपणी अंधार पडल्यावर तो बघायला ती घाबरायची, म्हणून तिच्या बाबांनी ही सकाळची पद्धत पाडली. बाबा आता नाहीत. पद्धत आहे.

त्या भागात एक खराखुरा राक्षस वर्षातून एकदाच घराबाहेर पडतो. त्या संध्याकाळी सगळेच मुखवटे लावून फिरतात, त्याच्याकडे कोण वळून बघणार? लोक दार उघडतात, "वा, काय झकास ड्रेस!" म्हणतात, हातावर चॉकलेट ठेवतात. शेवटच्या दारात एक छोटी मुलगी त्याच्याभोवती गोल फिरते आणि विचारते, "तुझ्या ड्रेसची चेन कुठंय?" आणि नेमकी तेव्हाच नटाच्या त्या रबरी पाठीवरची चेन आपल्याला लख्ख दिसते! आम्ही हसून लोळतो. मग राक्षस गुडघ्यांवर बसतो. एक कान सुटून लोंबत असतो. तो म्हणतो, "मला चेन नाहीच आहे गं." आणि दर वेळी — दर वेळी — मी हसायची थांबते. कान लोंबतोय हे त्या नटाला कळलं नसेल? कळलंच असेल. तरी तो जीव ओतून रडतो. एवढं धाडस कुठून आणतात?

माझ्याकडे नव्हतं.

मी इथे आले त्या वर्षीची गोष्ट. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. अण्णांची कराडजवळच्या गावात पिठाची गिरणी आहे. ते लोकांची दळणं दळून देतात. हे काही लपवायचं नव्हतं, आणि मी लपवलंही नव्हतं — फक्त कधी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी एमिलीनं या मालिकेचं नाव काढलं. पुण्याच्या सायलीनं ती लहानपणी पाहिलेली. माझा चेहरा कोराच.

"अगं यार, हे पण नाही माहीत?" सायली हसली. "कुठल्या गुहेत वाढलीस तू?"

चेष्टाच होती ती. तिच्या लक्षातही नसेल. पण त्याआधी असंच किती गाण्यांवर, किती गमतींवर मी नुसतं हसल्यासारखं केलं होतं! त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "माहीत आहे की. आमच्याकडे केबलवर लागायची. माझ्या बाबांना हॉररचं वेड आहे. एकेक वाक्य मला मराठीत सांगायचे."

आमच्याकडे केबल नव्हती. अण्णांना इंग्रजी येत नाही. आणि संध्याकाळी ते गिरणीत असायचे.

एमिलीचे डोळे भरून आले. "म्हणजे तुझे बाबापण!" म्हणाली. तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

मग हॅलोवीनची सकाळ. सायली लॅबमध्ये गेलेली. एमिली भोपळा कोरत होती, मालिका नुकतीच संपलेली, आणि अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ. ते गिरणीतूनच बोलत होते, नेहमीसारखे — केस पांढरे, गाल पांढरे, भुवयांवर पिठाचा थर, त्यात काळेभोर डोळे.

"काय गं, जेवलीस का?"

"अण्णा, इकडं सकाळ हाय."

एमिली सुरीसकट धावत आली. "ओ माय गॉड! तुझे बाबा तर हॅलोवीनसाठी सजलेत! भूत झालेत ना? कसले भारी दिसतायत!"

ती खरंच भारावली होती. आणि मी म्हणाले — इथंच आहे ते, जे सांगायचं होतं — मी म्हणाले, "हो. दर वर्षी सजतात."

अण्णा हसत होते. "काय म्हणतीय गं ती पोरगी?"

काय सांगणार होते मी त्यांना? "तुम्ही भारी दिसताय म्हणतीय", एवढंही पुरलं असतं. ते खरंही होतं. पण अण्णा त्या पडद्यावरून लवकर जायला हवे होते मला.

"तुमच्या तोंडाला पीठ लागलंय म्हणतीय."

त्यांचं हसू गेलं नाही, फक्त जागच्या जागी थांबलं. "हां, हां. थांब जरा," म्हणाले. फोन कशाला तरी टेकवून ठेवला. पाण्याचा आवाज आला. परत आले तेव्हा चेहरा धुतलेला, केस ओले, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. त्यांनी एमिलीला हात जोडून नमस्कार केला.

"अरे, पुसलं का?" एमिली हळहळली. "किती छान होतं!"

"तिकडे झोपायची वेळ झालीय," मी म्हणाले.

एमिली अजून येईल त्याला सांगते, हिचे बाबा कसे दर वर्षी भूत होतात. मी शेजारी बसून ऐकते. पण मला ते टोचत नाही. टोचतं हे, की तेव्हापासून अण्णा मला फोन करण्याआधी तोंड धुतात.

या हॅलोवीनलाही सकाळीच त्यांचा फोन आला. ओले केस, स्वच्छ चेहरा. मागे गिरणीचा पट्टा फिरत होता, म्हणजे दळण तसंच टाकून आले होते. कानाच्या पाळीमागे थोडं पीठ राहिलं होतं. मला ते दिसलं.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.