घाटासाठी बसवलेलं इंजिन

किल्ली फिरवायच्या आधी रघुनाथदादा गाडीच्या बॉनेटवर तळहात टेकवायचे. आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. "आधी तिला विचारायचं, मग निघायचं," म्हणायचे. गाडी मात्र त्यांची नव्हती. ती त्यांच्या वडिलांची, आप्पांची होती.

मी बी.कॉम. होऊन तालुक्याच्या गावातून कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकून म्हणून आलो, तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, आणि इकडे ओळखीचं कुणी नाही. दादा त्याच बाजारात वजनकाट्यावर होते. मी ऑफिसातल्या बाकावर झोपतो हे कळल्यावर त्यांनी फार चौकशी केली नाही. "आमच्याकडं चल. पोटमाळा रिकामा हाय," एवढंच म्हणाले. त्या पोटमाळ्यावर मी पुढची काही वर्षं काढली. माझ्या आयुष्याला जे वळण लागलं, ते त्या घरामुळे.

घर बैठं, आणि माणसांनी गच्च भरलेलं. दम्यानं थकलेले आप्पा, दादांचा धाकटा भाऊ, त्याची बायको, मुलं आणि वर मी. दादा आणि सुनंदावहिनींना मूल नव्हतं, म्हणून त्यांना खोलीही नव्हती. सगळ्यांची जेवणं उरकली की ते दोघं स्वयंपाकघरात अंथरूण टाकत. दारात आप्पांची जुनी पद्मिनी उभी असे. वाशीच्या मार्केटात मुकादम असताना त्यांनी हौसेनं घेतलेली. इंजिन केव्हाच कामातून गेलं होतं. वहिनी तिच्या टपावर पापड वाळत घालत.

एका हिवाळ्यात वहिनींच्या भावानं निरोप आणला. पाचगणीच्या एका निवासी शाळेला जूनपासून स्वतःची गाडी असलेला माणूस हवा होता. राहायला खोली मिळणार होती. 'खोली' हा शब्द ऐकून वहिनींनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. दादांनी आप्पांना गाडीबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, "ने की. ह्या सांगाड्याचं मी काय करू?"

जुनं इंजिन दुरुस्त करूनही घाट चढलं नसतं. दादांनी ट्रकांच्या यार्डात फिरून मागून चेचलेल्या एका नव्या गाडीचं डिझेल इंजिन मिळवलं. ते मूळ इंजिनाहून बरंच जड. प्रत्येक सुट्टीला ते आणि त्यांचे मिस्त्री दोस्त इस्माईलभाई दारातच कामाला लागत.

"रघूभाय, म्हातारीच्या अंगात पैलवान घुसवतोस तू," इस्माईलभाई हसायचे. "नाक घासत चालेल ती."

आणि खरंच, इंजिन आत बसलं तशी गाडी पुढून वाकली. मग जाड स्प्रिंगा आल्या, इंजिन टेकवायचे पट्टे नव्याने वेल्ड झाले, मोठा रेडिएटर आला. अखेर एका सकाळी गाडी धडधडून सुरू झाली. सगळी गल्ली बघायला जमली. आप्पाही बाहेर आले आणि न विचारता पुढच्या सीटवर बसले.

"रघ्या, वाशीला चल. मार्केटात दाखवून येऊ."

परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं तेज होतं. दुसऱ्या दिवसापासून घराला गाडीची सवय लागली. आप्पांचा दवाखाना, पुतण्या बंटीची पनवेलची शाळा, भावजयीचं कामोठ्याचं माहेर. "दादा, जाता जाता तेवढं सोडा ना." पाचगणीला नका जाऊ असं त्यांना कुणीच म्हणालं नाही. तसं कुणी म्हणालं असतं, तर कदाचित ते भांडून निघून गेले असते.

वहिनींची ट्रंक ओट्याखाली भरून तयार होती. "कधी निघायचं?" त्या विचारायच्या.

"बघू. जरा थंड होऊ दे." इंजिनाबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दल दादांचं हेच उत्तर असे.

मे संपत आला, तेव्हा एका सुट्टीला इस्माईलभाई इंजिन वर उचलायची साखळीची कुप्पी घेऊन आले. दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी आप्पांची, इंजिन माझं. माझं मी काढून नेतो. तिकडं दुसरी बॉडी बघू." बॉनेट उतरलं. साखळी इंजिनाला अडकवली. तेवढ्यात आप्पा स्वच्छ धोतर आणि कोट घालून आले आणि आपल्या जागेवर बसले.

"सर्व्हिसिंग का रं? उरक. मग वाशीला जाऊ."

दादांनी बराच वेळ साखळी हातात धरली. मग आकडा सोडवला.

"अरे, बोल ना त्यांना!" इस्माईलभाई दबक्या आवाजात म्हणाले.

"काय बोलू? बसलेत बघ कसे."

त्या संध्याकाळी वहिनींनी ट्रंक उघडली आणि साड्या पुन्हा दांडीवर टाकल्या. "इंजिन तेवढं बदललंत तुमी," एवढंच बोलल्या. जूनमध्ये त्या शाळेला दुसरा माणूस मिळाला.

पुढच्या वर्षी मला साताऱ्यात नोकरी लागली. लोणावळ्यापर्यंत सोडतो, तिथून एस.टी. मिळेल, असा दादांनी हट्ट धरला. मी वहिनींनाही चला म्हणालो. त्या भाकरी बांधून देत होत्या. म्हणाल्या, "नको भावजी. घाट चढले तर मी माघारी यायची नाही."

घाटात गाडीनं भरलेले ट्रक एकामागून एक मागे टाकले. इंजिन तापल्याचं दाखवणारा काटा जागचा हलला नाही. दादा ताठ बसले होते. "बघ, कसं ओढतंय!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

लोणावळ्याच्या स्टँडबाहेर त्यांनी इंजिन बंद केलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, असंच पुढं चला. वहिनींना मागनं आणू."

त्यांनी पुण्याकडच्या रस्त्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे.

"बंटीची शाळा सुटंल," ते म्हणाले.

त्यांनी माझी पेटी स्वतः एस.टी.त चढवली. पोरांसाठी चिक्की घेतली आणि गाडी वळवली. मी खिडकीतून बघत राहिलो. तिथून कळंबोलीपर्यंत उतारच होता. इंजिनाला तसं काही काम नव्हतं.