थडगेमामांनी घातलेली भर

माझ्या मामांना टेकाडावरच्या नोकरीवरून काढलं ते त्यांनी आतून काहीतरी लांबवलं म्हणून, असं गावात अजून बोललं जातं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण त्या दिवशी मी तिथे होते, मामांचा डबा घेऊन गेले होते, म्हणून सांगते. मामांनी टेकाडातून चिमूटभर मातीही नेली नाही. उलट भरच घातली, आणि तीच नडली.

टेकाड म्हणजे शेतांच्या मधोमध गवताने झाकलेला, दोन पुरुष उंचीचा उंचवटा. त्याच्या पोटात हजारो वर्षांपूर्वीची माणसं पुरलेली आहेत. त्यांच्याकडे लिहिण्यावाचण्याची भानगड नव्हती, त्यामुळे ती कोण होती, कशाने गेली, कळायला मार्ग नाही. भोवती तारेचं कुंपण आणि फाटकाशी पाटी: संरक्षित स्मारक, खोदकामास सक्त मनाई. त्या पाटीहून सक्त आमचे मामा. सव्वीस वर्षं तिथले राखणदार. गवत यंत्राने कापायचं नाही असा नियम होता, म्हणून ते विळ्याने कापायचे, आणि नियमात नसताना चपला काढून कापायचे. शाळेची सहल आली की त्यांचं भाषण ठरलेलं: "इथला खडासुद्धा खिशात घालायचा नाही. इथून निघालेलं इथलंच."

गावाने त्यांना थडगेमामा नाव पाडलं. मामींना त्याचा राग यायचा, पण स्वतः त्या काही कमी बोलायच्या नाहीत. टेकाड पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, आणि खात्याच्या माणसांच्या तोंडी दोनच काळ असायचे, एक प्राचीन आणि एक अलीकडचा. मामांनी तो शब्द उचलून घरी आणला. आजोबांचं कपाट अलीकडचं, गावातला जुना पूल अलीकडचा.

"आणि आपलं लग्न?" मामी विचारायच्या.

"ते तर अगदीच अलीकडचं."

"मग इतक्यात कंटाळलात कसे?" असं म्हणून त्या हातातला कप जरा जोरातच खाली ठेवायच्या. त्यांच्या हातून कपबशा फार फुटत. तुकडे जायचे परसातल्या मातीच्या ढिगावर.

आता मामांचा गुन्हा. टेकाडाला रानउंदरांनी भोकं पाडली, की हात न लावता खात्याला पत्र लिहायचं, असा नियम. मामा पत्र लिहायचे. चार-सहा महिन्यांनी उत्तर यायचं, "पाहणी करण्यात येईल." तोवर दोन-तीनदा पाऊस होऊन जायचा, भोक रुंदावायचं, आणि मामांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. "बिचारे उघड्यावर पडलेत," म्हणायचे. शेवटी ते आपल्या परसातली माती घमेल्यात भरून न्यायला लागले. भोक बुजवायचं, ठोकून सारखं करायचं, वर गवताचा तुकडा बसवायचा.

"घरचं छप्पर गळतंय आणि हे मेलेल्यांची घरं लिंपत बसलेत," मामी करवादायच्या. पण घमेलं भरून डोक्यावर चढवून द्यायच्या त्याच.

मामी गेल्या. मामा एकटे घमेलं भरू लागले. त्यानंतर काही वर्षांनी, एका मोठ्या पावसात टेकाडाची एक बाजू खचली आणि खात्याने उत्खननवाल्या बाई पाठवल्या. वयाने माझ्याहून लहान, पण कामाला वाघ. त्यांनी खचलेल्या जागी खड्डा खणून सरळ उभा छेद घेतला. मातीचे थर कसे वाचायचे, कुठला आधीचा, कुठला नंतरचा, ते त्या मामांना दाखवत, आणि मामा ते मला असे समजावत, की जणू शोध त्यांचाच. जे निघेल ते पिशवीत घालून, चिठ्ठी लिहून, बाई आधी मामांच्या हातात द्यायच्या.

तिसऱ्या दिवशी खड्ड्यातून बाईंनी तळहात वर केला. त्यावर नखाएवढा पांढरा तुकडा, त्याला हिरवी कड.

ती कड मी लहानपणापासून बघत आले होते.

"हा इतक्या आत कसा?" बाई म्हणाल्या. "उंदरांनी ओढून नेला असेल का?"

"हो, हो, उंदीरच!" मी म्हटलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं मामांच्या. खोटं बोलले, आणि आज पुन्हा बोलेन.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "उंदीर नाहीत," ते म्हणाले. "मी."

मग त्यांनी कुठलं भोक कधी बुजवलं ते एकेक दाखवलं. दाखवता दाखवता टेकाडाला अर्धी फेरी झाली. बाईंचा चेहरा उतरत गेला.

"मामा, बाहेरची माती शिरलेल्या या बाजूचा एकही थर आता खात्रीने वाचता येणार नाही. कधीच. तुम्ही तर राखणदार ना?"

मामा गवतातच खाली बसले. त्या पोरीला चार शब्द सुनावावेत असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण सुनावणार काय? तिचं बरोबर होतं.

"मला हे लिहावं लागेल. तुम्हाला इथे ठेवणार नाहीत."

"लिहा," मामा म्हणाले. जरा वेळाने त्यांनी हात पुढे केला. "तेवढा तुकडा मला..." आणि हात मागे घेतला. "नाही. इथून निघालेलं इथलंच."

"कोणाचा होता?" बाईंनी विचारलं.

"आमच्या हिचा. कप."

बाईंनी तुकडा पिशवीत घातला, चिठ्ठी लिहिली, आणि नेहमीसारखी पिशवी आधी मामांच्या हातात दिली. मामांनी चष्मा लावला. मी खांद्यावरून वाचलं: चिनी मातीचा तुकडा, हिरवी कड. काळ, अलीकडचा.

माझं डोकं फिरलं. "अलीकडचा? अहो, मामींना जाऊन नऊ वर्षं झाली!"

"आमच्याकडे दोनशे वर्षांच्या आतलं सगळं..." बाई चाचरत सांगू लागल्या.

मामांनी हात वर करून मला गप्प केलं. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी बाईंना परत दिली.

"राहू दे गं," ते म्हणाले. "बरोबर लिहिलंय त्यांनी. अलीकडचंच आहे."