पंजेवाले सर

आमच्या डिझाइन प्रोजेक्टच्या सरांना नुसतं विषयाचं नाव सांगून चालत नसे. ते आधी हात मागत. ज्याच्यासाठी वस्तू बनवायची, त्याचा पंजा कोऱ्या कागदावर ठेवून भोवती पेन्सिलीनं रेघ ओढायची. तो कागद वर्गाच्या भिंतीवर लागला, की विषय मंजूर. "माणूस बघितला नाही आणि निघाले डिझाइन करायला!" हे त्यांचं ठरलेलं. सारं कॉलेज त्यांना पंजेवाले सर म्हणायचं.

मी धनगराची पोर, घरातली पहिली कॉलेजात गेलेली. गंगापूरकडच्या माळांवर आमची मेंढरं फिरायची. रोज संध्याकाळी आई त्यांच्याभोवती वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण. वाकून वाकून दगडानं खुंट्या ठोकायच्या. एकदा घाव चुकला आणि तिचा अंगठा कायमचा वाकडा झाला. तरी दुसऱ्या दिवशी तिनं वाघर लावलीच.

सुट्टीत मी तिचा पंजा कागदावर उतरवला. आधी तिनं पदराला हात पुसला. "अंगठा कशाला पायजे गं? कागदावर उठवायला जमीन तर नाय आपल्याला!" म्हणून हसली.

तो कागद मी सरांना दाखवलाच नाही. वाकडा अंगठा भिंतीवर लागेल, पोरं विचारतील, याची लाज वाटली. मी माझाच पंजा काढून नेला. म्हटलं, "गुलमंडीतल्या कापडवाल्या बाईंचा आहे, सर. त्यांच्यासाठी रॅक करते."

"ठेव बघू तुझा हात ह्यावर."

रेघेला रेघ जुळली. सरांनी वर्ग पांगू दिला. मग हळूच म्हणाले, "खरा हात शुक्रवारी आण. मी थांबतो."

मी गेले नाही. सर संध्याकाळपर्यंत बसून होते, असं शिपाईकाकांनी सांगितलं. सोमवारी त्यांनी रॅकच्या विषयावर सही केली. मार्क चांगले पडले. निरोपाच्या दिवशी सर एवढंच बोलले, "रॅक छान झाला गं. पण तो कुणाचाच नाही."

नोकरी लागल्यावर कित्येक रविवार घालून मी लोखंडी खुंटी केली. पायानं दाबायची, आणि उपटायला वर मूठ, आईच्या कागदावरून मापून घेतलेली. ती घेऊन कॉलेजात गेले, तर सर वारले होते.

"लई उशीर केला, ताई," शिपाईकाका म्हणाले.

व्हय, केला.

आई आता वाकत नाही. उभ्यानं वाघर लावते. ती खुंटी मी बनवली.