सोबतीला कोण?

आसेगावच्या देवमन खिल्लारेंचा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला आणि निवृत्त झाल्यावर त्यांना एसटीत बसायचीच धास्ती वाटू लागली. प्रोस्टेटची गाठ वाढली होती. वाशीमला जाईपर्यंतही लघवीला दम निघत नसे. ज्या गाडीची घंटी आयुष्यभर आपण वाजवली, तिच्यात उभं राहून 'जरा थांबवता का' म्हणायची त्यांना लाज वाटे. मग त्यांनी जाणंयेणंच कमी केलं. लग्नं सुटली, विहारातलं बसणं सुटलं. बायको रत्नमाला केव्हाच गेली होती, मुलगा प्रसेनजित पुण्याला. घरात रेडिओ तेवढा बोले.

गोळ्या दोन होत्या. एकीने धार मोकळी होई, पण उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई. दुसरी गाठ आटवणारी, ती महाग. "बाबा, गोळी चुकवू नका, मी पैसे टाकतो," प्रसेनजित फोनवर म्हणे. पैसे वेळेवर येत.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत एका दुपारी लघवी पार तुंबली. शेजारच्या लखीरामने काम टाकून त्यांना ऑटोत घातलं आणि वाशीमच्या दवाखान्यात नेलं. नळी टाकल्यावर जीव खाली पडला.

डॉक्टर म्हणाले, "काका, गाठ लहान असती तर मीच म्हटलं असतं, गोळ्यांवर राहा. आता त्या पुऱ्या पडणार नाहीत. वर्षानुवर्षं गोळ्यांवर घालवाल, त्यापेक्षा दुर्बिणीचं ऑपरेशन एकदाच आणि स्वस्त. थोडा धोका त्यातही आहे, पण सरकारी योजनेत बसतं, तुमचे पैसे लागणार नाहीत."

"मंग करून टाका."

"सोबतीला कोण आहे?"

डॉक्टरांचा हिशेब देवमनना लगेच पटला होता, पण त्या हिशेबात एक माणूस लागत होता.

प्रसेनजितला फोन लावला. "बाबा, सुट्टी नाही भेटून राह्यली. काही महिने गोळ्यायवर चालते का पाहा ना."

"चालते," म्हणून त्यांनी फोन ठेवला. लखीरामचं सोयाबीन वावरात उघडं पडलं होतं. "जाय तू, माहा पोरगा येऊन राह्यला," असं खोटंच सांगून त्यालाही त्यांनी परत पाठवलं.

वॉर्डात नर्सबाईंनी सोबतीचं नाव दुसऱ्यांदा विचारलं. शेजारच्या खाटेवर मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा धरमसिंग होता. त्याचं हेच ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं. त्याच्या उशाशी बसलेली बायको, हिरीबाई, तिथूनच म्हणाली, "माह्यं नाव लिवा. एकाले पाहून राह्यली, दोघायले पाहीन."

"नातं काय लिहू?"

"बहीण लिवा."

ऑपरेशन झालं. लाल लघवीची पिशवी हिरीबाईने न किळसता रिकामी केली, डब्यातली भाकर चुरून दिली. "पानी पेत काहून नाही, भाऊ?" ती रागवे आणि देवमन मुकाट्याने तांब्या तोंडाला लावत. रत्नमालानंतर त्यांना कोणी रागावलं नव्हतं. नळी निघाली, धार मोकळी झाली. नवराबायको आधी घरी गेले. फोन नंबर घ्यायचं कोणालाच सुचलं नाही.

थंडी पडल्यावर देवमन साडी आणि संत्री घेऊन मानोऱ्याच्या गाडीत बसले. गाडी कुठेच थांबवावी लागली नाही. विचारत विचारत तांडा गाठला, तर हिरीबाईच्या दाराला कुलूप.

शेजारची रेणू म्हणाली, "ते तं ऊसतोडीले गेले. उन्हाळ्यात येतीन."

"धरमसिंगही? त्याले वजन उचलाले मना केलं होतं ना डॉक्टरनं!"

"घरी बसून काय करते, मामा?"

देवमननी पिशवी तिच्या हाती दिली. "संत्री लेकरायले दे. साडी हिरीबाईची."

"कोनं देल्ली म्हनू?"

त्यांच्या तोंडाशी 'भाऊ' हा शब्द आला होता, पण परक्या बाईसमोर तो उच्चारायचा त्यांना संकोच वाटला. "दवाखान्यातले आले होते, सांगजो."

फाट्यावर गाडीला वेळ होता. बाकावर बसताना त्यांनी गमछा काढून शेजारी ठेवला. मग कोणी आलंच तर बसेल, दोन शब्द बोलेल, म्हणून उचलून मांडीवर घेतला.